मागचा माणूस

अकराव्या चित्रापुढे एक बाई दहा मिनिटं उभी होती, आणि हसत नव्हती.

चित्रकाराने खुर्चीतूनच मान लांब करून पाहिलं. उठायचा कंटाळा आला होता. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. सहा वाजता हॉल रिकामा करून द्यायचा होता आणि बावीस चित्रं दोन मजले उतरवायची होती. ती वर चढवतानाच त्याच्या कंबरेने राजीनामा दिला होता.

चित्रं सगळी फजितीची. 'ढकला' लिहिलेलं दार जीव खाऊन ओढणारा माणूस. अगदी गहिवरून निरोप घेतल्यावर त्याच सोबत्याबरोबर त्याच दिशेला निघालेला माणूस. चुकीच्या मजल्यावरच्या वाढदिवसात शिरून, भेट देऊन, केक खाऊन परतलेला माणूस. फजिती कोणाचीही असो, चेहरा चित्रकार स्वतःचाच काढायचा. दुसऱ्याचा काढला की माणसं दुरावतात, आणि दुरावायला त्याच्याकडे आता फारशी उरली नव्हती. कान सगळ्यात शेवटी रंगवायचे, तेही सढळ हाताने लाल. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "झाले का कान?" म्हणजे जेवायला वाढू का.

अकरावं चित्र मात्र त्याने सात वेळा काढलं होतं. नात्यातल्या एका लग्नाचा हॉल. पलीकडच्या टोकाला त्याचा थोरला भाऊ, हात वर केलेला. अलीकडे तो स्वतः. वडिलांची आरामखुर्ची कोणाकडे राहावी यावरून दोघांनी दोन महिने अबोला धरलेला. आणि त्या दिवशी भर गर्दीत दादाने हात केला! याचाही हात आपसूक वर निघाला. अर्ध्या वाटेवर डोक्यात आलं, दादा आणि आपल्याला हात करील? मागच्या कोणाला तरी असणार. मग तो हात हवेतच वळला आणि केस सारखे करू लागला. डोक्यावर केस नव्हते. चाळिशीतच गेले होते. तो तडक हात धुवायला गेला आणि पंगत उठेपर्यंत हातच धूत राहिला. त्यानंतर कोणीच पहिलं पाऊल टाकलं नाही. अबोल्याला अकरा वर्षं झाली.

चित्रातल्या मागच्या माणसाला चेहरा नव्हता. सातही वेळा तो जमला नव्हता. एका समीक्षकाने त्यात आजच्या माणसाचं हरवलेपण पाहिलं होतं. चित्रकाराने त्याला चहा पाजला होता.

बाई वळली. चित्रकार कंबर विसरून उभा राहिला.

"वहिनी! तुम्ही?"

"शेजारीण म्हणाली, तुमच्या दिरांची चित्रं बघून हसून हसून पोट दुखलं. म्हटलं, आपणही बघावं."

"बसा ना. पाणी..."

"पाणी राहू द्या. हा कोण?" वहिनीने छत्रीचं टोक बिनचेहऱ्याच्या माणसावर रोखलं.

"तो? दादाने ज्याला हात केला, तो."

"कोणाला केला?"

"असेल कोणी ओळखीचा. मी कुठे वळून बघितलं?"

वहिनीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"मी ह्यांच्या शेजारीच उभी होते, भावजी. तुमच्या मागे खांब होता."

चित्रकार चित्राकडे बघत राहिला. सात कॅनव्हास. सात माणसं.

"घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत हे," वहिनी म्हणाली. "म्हणाले, मी एवढा हात केला आणि त्याने टकलावरून हात फिरवून दाखवला. इतका राग धरलाय त्याने."

"दादा... कसा आहे?"

"खाली उभे आहेत. गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही म्हणतात. काल त्याच गुडघ्यांनी माळ्यावर चढले होते."

चित्रकार खिडकीशी गेला. खाली फाटकापाशी काठी टेकून एक म्हातारा वर बघत होता. त्याने काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. मोकळा झालेला हात सावकाश वर केला.

चित्रकाराचा हात निघाला, छातीपर्यंत आला, आणि सवयीने तिथेच अडखळला. मग अकरा वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते त्याने आज केलं. वळून मागे पाहिलं.

"कोणी नाही, भावजी," वहिनी म्हणाली. "मी आहे, पण मला ह्यांनी चाळीस वर्षांत कधी हात केलेला नाही."