जर्मन डायल

"कोणाचा विश्वास बसणार नाही," म्हणत टर्नर मारोतरावांनी इतवारीच्या कबाडी बाजारातून आणलेला जर्मन डायल फोरमनसमोर लावला. शाफ्ट केसभर वाकडा असला तरी याचा काटा थरथरतो, असं सांगून त्यांनी स्वतः कातलेला शाफ्ट त्याखाली गरागरा फिरवला. काटा शून्यावर ढिम्म. कारखान्यात येणारी कातकामाची नवी लेथ अशा देवाच्या हाताला सोडून कोणाला द्यायची, असा चेहरा करून मारोतराव उभे राहिले.

म्हाताऱ्या धोंडबा फिटरनं डायल उलटवून मागे कोरलेलं आपलंच नाव वाचलं.

"काटा जाम झाला म्हणून मीच हा कबाड्याले विकला गा, मारोतराव. याच्याखाली भिवापूरची मिरची फिरवली तरी सरळच निघते."