पुसलेलं वाक्य

राजद्रोहाच्या आरोपाखाली धाकटा भाऊ साखळदंडात उभा होता, पण अकाकिओस निर्धास्त होता. कॉन्स्टँटिनोपलात त्याच्यासारखा कायदेपंडित दुसरा नव्हता. “आरोपीचं ऐकल्याशिवाय शिक्षा नाही! पूर्वाचार्याचं वचन आहे,” तो गरजला. न्यायाधीशाने सम्राटाच्या हुकमाने रचलेला नवा कायदेग्रंथ त्याच्यापुढे सरकवला. “दाखवा बरं, पंडितमहाशय.” अकाकिओसने पान काढलं. माथ्यावर त्या पूर्वाचार्याचं नाव होतं; वाक्य नव्हतं. ग्रंथ रचणाऱ्या मंडळात असताना, तो आटोपशीर करायच्या घाईत अकाकिओसनेच ते पाल्हाळ समजून मसुद्यातून स्पंजाने पुसलं होतं. “दादा, सापडलं का?” भावाने विचारलं. “जुन्या पोथीत आहे...” अकाकिओस पुटपुटला. “अहो, आता जुन्या पोथीचा दाखला देणं म्हणजे बनावट पुरावा. तोही गुन्हाच. हे कलम तुम्हीच घातलंत ना?” न्यायाधीशाचा आवाज मऊ होता. मग अकाकिओसच्या पाठीमागे शिपायाने भिंतीवरचा दुसरा साखळदंड काढल्याचा खणखणाट ऐकू आला.