बाल्कनीतली बाई

"हेमांगी, माझा पाय हलत नाहीये गं!" गोल बाल्कनीतून सबनीसकाकू ओरडल्या.

हेमांगी धावत जिना चढली. काकूंचा १९३८ सालचा हा बंगला जतन करायचं काम तिच्याकडे होतं. भिंतींत भरलेलं जिवंत सिमेंट मूळ नकाशाबरहुकूम आपलं आपण वाढत होतं. भेगा बुजल्या होत्या, मागाहून पाडलेली खिडकी मिटली होती, तुटलेला कठडा पुन्हा उगवला होता.

आता काकूंच्या टाचा राखाडी झाल्या होत्या.

हेमांगीने नकाशा उघडला. उंचीचा अंदाज यावा म्हणून आर्किटेक्ट माणसं काढतात, तशी बाल्कनीत एक बाई होती आणि तिचा हात धरलेली, तिच्या कमरेएवढी एक मुलगी. सिमेंटची वाढ ठरवणाऱ्या यंत्रात नकाशा घालण्याआधी अशी माणसं पुसायची असतात. हेमांगी विसरली होती.

"घाबरू नका काकू, फोडते मी." गुडघ्यांवर बसून ती छिन्नीचे घाव घालू लागली. काकूंनी भीतीने तिचा डावा हात गच्च धरला.

तेवढ्यात हेमांगीच्या गुडघ्यांना गार लागलं. तिने वर पाहिलं. बसल्यावर ती बरोबर काकूंच्या कमरेएवढी होती.