फिल्टरमधली वाळू

ट्रकचं इंजिन पुन्हा पुन्हा तापायला लागलं, तेव्हा थोरल्याने मेकॅनिककडून इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटसाठी वेगळा फिल्टर बसवून घेतला. आठवड्याने मेकॅनिकने तो कापला, तर आतून मूठभर काळी वाळू सांडली. ट्रक धाकटा भाऊ चालवायचा, आणि वाटणीवरून दोघांचं बोलणं बंद होतं. थोरल्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"घर फोडलंस, आता गाडीच्याही मुळावर उठलास?" त्याने चाकाचा पाना उचलला.

"दादा, तुझी शप्पथ, मी नाही टाकली!"

पहिला घाव धाकट्याच्या खांद्यावर बसला. खाली पडल्या पडल्या त्याने हात आडवा धरला, म्हणून पुढचे सगळे घाव त्या हातावर बसले. मेकॅनिकने कमरेला मिठी घालून थोरल्याला मागे ओढलं, तोवर मनगटाचं हाड बाहेर आलं होतं. "आता स्टिअरिंग विसरा," डॉक्टर म्हणाले.

थोरल्याने कूलंट बदललं, नवा फिल्टर लावला आणि ट्रक स्वतः चालवला. किल्ली उशाखाली घेऊन झोपला. पुढच्या आठवड्यात फिल्टर कापला, तर आत तितकीच वाळू.

मेकॅनिकने ती चिमटीत चोळून पाहिली. "इंजिनाचं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात, त्या साच्यातली ही वाळू. कारखान्यातूनच आत राहून आलेली, आता थोडी थोडी सुटतेय."

"मग हे तेव्हाच का नाही बोललास?" थोरला ओरडला.

 

"तेव्हा वाळू बघायला हात कुठे मोकळे होते? दोन्ही हातांनी तुम्हाला धरलं होतं."