फिका गुलाबी

पहिला फ्लास्क वाया गेला. उभ्या काचनळीची, ब्युरेटची, तोटी बंद करेपर्यंत फ्लास्कमधलं पाणी गडद गुलाबी होऊन बसलं.

"मावशी, ओढणी बुडवायचीय का त्यात?" शेजारच्या टेबलावर परीक्षेला बसलेला ड्रायव्हर पुटपुटला.

"तू तुझं बघ. तुझी नळी गळतेय."

खरंच गळत होती.

बाहेरून आलेले परीक्षक मावशीच्या टेबलाशी थांबले. त्यांनी फ्लास्क उजेडात धरला. "ताई, आम्ल आणि अल्कली बरोबरीला आले की थांबायचं. त्याची खूण म्हणजे गुलाबीची नुसती झाक. तुम्ही तर कुठल्या कुठे नेलंत. काम काय करता?"

"रंगाईच्या कारखान्यात आहे, सर. सुताच्या लडी रंगवते."

"तरीच," परीक्षक म्हणाले. "पहिलं माप अंदाजाचं म्हणून सोडतो. पुढची दोन मात्र एकमेकांशी जुळली पाहिजेत."

मावशीनं फ्लास्क विसळला. रात्रशाळेच्या परीक्षेत याच प्रयोगात ती दोनदा नापास झाली होती. बाकीचे विषय सुटले होते, आणि ही शेवटची संधी होती. पास झाली तर कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, रंग तोलून देतात त्या खोलीत, तिची जागा नक्की होती. तिथे वाफ नव्हती. ओली फरशी नव्हती. बसायला खुर्ची होती.

दाराच्या काचेपलीकडे शिकवणाऱ्या बाई उभ्या होत्या. परीक्षा चालू असताना त्यांना आत यायची परवानगी नव्हती. वयानं त्या मावशीच्या मुलीएवढ्या. गडद फ्लास्क त्यांनी पाहिला आणि चष्मा काढून उगाच पुसला. सरावाच्या वेळी सगळं सांगून झाल्यावर, थकून, त्या शेवटी एवढंच म्हणाल्या होत्या, "मावशी, रंग तुमच्या डोळ्याला पसंत पडला, की समजा उशीर झाला."

दुसरा फ्लास्क. थेंब पडला की गुलाबी ठिपका उमटायचा आणि फ्लास्क फिरवला की विरून जायचा. मग विरायला वेळ लागू लागला. मावशीनं तोटी जवळजवळ बंद केली. नळीच्या टोकाला एक थेंब लोंबत राहिला, पुरता न भरलेला. तो तिनं पडू दिला नाही. फ्लास्कच्या काचेला टेकवून टिपून घेतला आणि पाण्याच्या बारीक धारेनं आत उतरवला.

झाक आली. फ्लास्क फिरवला तरी राहिली.

हा काही रंग नव्हे, असंच तिला वाटलं. तिची बोटं तोटीकडे गेली. तिनं ती आवळली आणि मूठ अॅप्रनच्या खिशात घातली. सांगितलं होतं तितका वेळ मनात आकडे म्हटले. झाक टिकून होती. तिनं नळीवरचं माप लिहिलं आणि हाक मारली, "सर."

परीक्षक पलीकडच्या कोपऱ्यात होते. तिथे कुणाच्या तरी हातून काच फुटली होती. काचा गोळा झाल्या, फरशी पुसून झाली, मग ते आले. तोवर फ्लास्कमध्ये साधं पाणी दिसत होतं.

"कुठाय रंग?"

"होता, सर. उडाला."

"मग टाका की अजून एक थेंब."

ड्रायव्हरचा हात जागच्या जागी थांबला. दाराबाहेर बाईंनी कडी धरली.

"नाही टाकणार, सर."

"का?"

"बरोबरी होऊन गेली होती. रंग हवा तेवढा टिकला आणि मग उडाला. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, तो आम्लाच्या बाजूचा. त्यानं झाक जाते. आता टाकला तर तो थेंब हवेच्या वाट्याचा होईल. ह्या आम्लाचा नाही."

"आणि मी नापास केलं तर?"

"तरी नाही."

परीक्षकांनी स्टूल ओढलं आणि ते समोर बसले. "करा पुन्हा. मी बघतो."

तिनं पुन्हा केलं. ठिपका, विरणं, उशिरा विरणं, काचेला टेकवलेला अर्धा थेंब. झाक आली तेव्हा तिची मूठ आधीच खिशात होती.

"अठरा पॉइंट चार," तिनं वाचलं.

परीक्षक वाकले आणि डोळा रेघेच्या पातळीवर आणून त्यांनी स्वतः वाचलं. मग दुसऱ्या फ्लास्कसाठी तिनं लिहिलेला आकडा बघितला. तोही अठरा पॉइंट चार होता. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि सावकाश सही केली.

"पूर्ण मार्क. पण ताई, उद्या कारखान्यात असा हात आखडू नका."

"मावशी, माझं पण जरा," ड्रायव्हर म्हणाला.

"परीक्षा चालू आहे," परीक्षक म्हणाले, पण हसू त्यांना लपवता आलं नाही.

वेळ संपल्याची घंटा झाली. दार उघडताच बाई जवळजवळ धावतच आत आल्या. सही त्यांनी लांबूनच पाहिली होती, तरी जवळ येऊन पुन्हा पाहिली. मग फ्लास्क उचलून खिडकीकडे धरला. आत रंगाचा मागमूस नव्हता.

"मला बघायलाही ठेवला नाहीत, मावशी."

मावशी पहिल्यांदाच स्टुलावर टेकली.

"रंग उडाला की आजवर मुकादमाच्या शिव्याच खाल्ल्या, बाई," ती म्हणाली. "आज सही मिळाली."