नव्या खोलीचा स्लॅब

पुसेगावजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत तालुक्याहून शाळाखोल्यांच्या सर्वेक्षणाच्या बाई जीपमधून उतरल्या, तेव्हाच मुख्याध्यापक रूपसिंग सर सावध झाले. सरकारी निधीतून दोन वर्षांपूर्वी, २००२ साली बांधलेल्या खोलीच्या स्लॅबला हातभर भेग पडली होती, म्हणून सर लेकरांना लिंबाखाली बसवत होते. पण खोलीचा ठेकेदार होता सरपंचाचा मेव्हणा, आणि असंच खरं बोललेल्या शेजारच्या मुख्याध्यापकाची आठ दिवसांत बदली झाली होती.

"सर, मोकळेपणानं सांगा. तुमचं नाव कुणाला कळणार नाही," बाई म्हणाल्या.

ही बाई नक्की सरपंचानंच धाडली, सरांनी मनाशी ताडलं.

"नवी खोली कशी आहे?"

"ठणठणीत हाय."

"मग मुलं झाडाखाली का बसलीत?"

"मोकळ्या हवेत पाढे लवकर पाठ होतात, बाई. दुसरं काई न्हाई."

बाईंनी एकवार भेगेकडं पाहिलं, एकवार सरांकडं. "बघा हं सर, तुम्ही सांगाल तेच मला लिहावं लागेल."

"व्हय, लिहा की. काईच तकलीफ न्हाई."

बाईंनी लिहिलं. जीप वळणाआड गेली तेव्हा कुठं सरांच्या जिवात जीव आला.



महिन्याभरानं तालुक्याहून पत्र आलं: 'आपण दिलेल्या माहितीनुसार नवी खोली सुस्थितीत आहे. सबब, यापुढे एकही वर्ग झाडाखाली भरवू नये.'