संस्थापकांचं नाक

संस्थापक फादरांचं नाक माझ्या खिशात होतं. उद्या शाळेची शंभरी, बिशप पुतळ्याला हार घालणार, आणि पुतळा पुसताना नाक माझ्या हातात आलं.

"ऑफिसात सांगितलंस तर थेट दाखला मिळेल," वर्गातली रुफिना म्हणाली. "पापनिवेदनात सांग ना, बावळटा! तिथलं ऐकलेलं फादरांना बाहेर बोलता येत नाही."

म्हणून चॅपेलमध्ये जाळीपलीकडे बसलेल्या प्रिन्सिपल फादरांना, म्हणजे ज्यांच्या नुसत्या चपला वाजल्या तरी आमचा वर्ग श्वास घ्यायचा थांबतो त्यांना, मी सगळं सांगितलं. गुडघे असे थरथरत होते की खालची फळी टकटक वाजत होती.

पलीकडून हळूच प्रश्न आला.

"जुन्या सांध्यातूनच निघालं का?"

"जुना सांधा, फादर?"

"एकोणीसशे ब्याऐंशी, दहावी ब. चेंडू माझा होता." त्यांनी सुस्कारा सोडला. "डब्यातल्या भाताने चिकटवलं होतं. इतकं टिकेल असं वाटलं नव्हतं."

मला एकदम हलकं वाटलं. "मग तुम्हाला काय प्रायश्चित्त मिळालं, फादर?"

"तेव्हाचे प्रिन्सिपल म्हणाले, या नाकावर कुणीतरी जन्मभर लक्ष ठेवायला हवं. सेमिनरीत जा, फादर हो."

मी हसलो. ते हसले नाहीत. जाळीतून त्यांचा एक डोळा मला निरखत होता.

"मी मार्चमध्ये निवृत्त होतोय, बाळा," ते हळूच म्हणाले. "तुझं प्रार्थनांचं पाठांतर कसं आहे?"

फळी पुन्हा वाजायला लागली.